सीनाकाठी पिण्याचं पाणी करताना

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि परंडा, भूम तालुक्यांतल्या कित्येक गावांना पाण्याचा वेढा पडला. काही ठिकाणी माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. त्याच दिवसांत बीड, जालना, परभणी, नांदेड, जिकडे बघावं तिकडे नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या होत्या. मी लातूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे. कपडे, धान्य, औषधं घेऊन अनेक जण निघाले होते, तेव्हा आम्ही ठरवलं की आपण पाण्याचं काम करायचं. पुण्याच्या एका इंजिनिअर मित्रानं पाणी गाळायचं एक यंत्र दिलं. दोघांनी उचलून टेम्पोत ठेवता येईल एवढंच ते, आणि त्याला वीज लागत नाही.

या यंत्राबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्लास्टिकच्या नळकांड्यात शेवयांसारखे बारीक, आतून पोकळ असे हजारो धागे भरलेले असतात. धाग्याच्या भिंतीला छिद्रं असतात ती साधारण 0.02 मायक्रॉनची. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो आणि हगवणीचे, कॉलऱ्याचे जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे. म्हणजे पाणी धाग्यातून पार होतं आणि जिवाणू अडकतात. टाकी माणसाच्या डोक्याच्या वर ठेवली की तेवढ्या दाबावर यंत्र चालतं. याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. गावोगावी जारचं पाणी विकणारे जे आरओ प्लांट आहेत, त्यांच्यापेक्षा हे वेगळं. आरओ क्षार काढतो, त्यासाठी मोटारीचा दाब लागतो आणि बरंचसं पाणी वाया जातं. ट्रान्सफॉर्मरच पाण्याखाली गेलेल्या गावात आरओचा उपयोग काय?

आम्ही ज्या गावात गेलो तिथे नळयोजनेची विहीर नदीच्या काठावरच होती. पूर तिच्यावरून गेला होता. पाणी ओसरल्यावर विहीर तोंडोतोंड भरलेली, आणि आतलं पाणी घट्ट दुधाच्या चहाच्या रंगाचं. गावचे जलसुरक्षक आम्हाला घेऊन गेले. त्यांनी आदल्या दिवशी पोहऱ्यानं शेंदून भरलेली एक कळशी तिथेच ठेवली होती. ती दाखवत म्हणाले, "मॅडम, हे पानी निवळतच न्हाई बघा. काल भरलंय, हाय तसंच हाय."

ते निवळणारच नव्हतं. मराठवाड्याची काळी माती अतिशय बारीक कणांची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, तो हाच गुण. यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि सगळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असल्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात, एकत्र येऊन जड होत नाहीत, म्हणून तळाला बसत नाहीत. कित्येक दिवस तरंगतात. असं पाणी थेट यंत्रात ओतलं तर धाग्यांची छिद्रं लिंपली जातात. येताना वाटेतल्या एका गावात कुणीतरी मदत म्हणून दिलेलं असंच यंत्र आम्ही पाहिलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलेलं, चकचकीत, आणि बंद. पहिल्याच दिवशी धार बारीक होत होत थांबली, असं तिथल्या पोरांनी सांगितलं. यंत्र लावण्याआधी गाळ काढायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम तुरटीचं. तुरटी घरोघर माहीत असते, पाण्यात दोन वेढे फिरवायची. पण हजार लिटरच्या टाकीत वेढ्यांनी भागत नाही, तिथे माप लागतं, आणि ते माप दर पाण्याला वेगळं असतं. आम्ही ते बाटल्यांवर काढलं. पुरातल्या मदतीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. लिटरच्या चार बाटल्यांत विहिरीचं पाणी भरलं. दहा ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवली. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे दहा मिलिग्रॅम तुरटी. इंजेक्शनच्या सिरिंजनं एका बाटलीत तीन मिलिलिटर, दुसरीत पाच, तिसरीत सात घातलं, चौथी तशीच ठेवली. आधी मिनिटभर जोरात हलवायचं, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश फिरवत राहायचं. हे सावकाश फिरवणं लोक टाळतात आणि तिथेच काम बिघडतं. तुरटीनं भार मारला की कण एकमेकांना चिकटायला लागतात, त्यांचे कापसासारखे पुंजके बनतात. जोरात हलवत राहिलं तर बनलेले पुंजके फुटतात.

पाच मिलिलिटरच्या बाटलीत अर्ध्या तासात खाली बोटभर साका बसला आणि वर पाणी नितळ झालं. सातच्या बाटलीत त्याहून जास्त काही फरक नव्हता. म्हणजे या पाण्याला लिटरला 50 मिलिग्रॅम, हजार लिटरच्या टाकीला 50 ग्रॅम. जलसुरक्षकांनी तो आकडा टाकीवरच खडूनं लिहिला आणि शेजारी तारीख टाकली. तारीख मी सांगितली नव्हती, ती त्यांना सुचली. पाऊस पुन्हा झाला की पाणी बदलणार आणि आकडाही बदलणार, हे त्यांना लगेच कळलं होतं.

ग्रामपंचायतीकडे हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्या चढवल्या की उंचीचा प्रश्न सुटला. एका टाकीत निवळ चालू असताना दुसरीतून यंत्राला पाणी द्यायचं, असा पाळीचा हिशोब. टाकीची तोटी मात्र तळाशी असते आणि गाळही तळाशीच बसतो. म्हणून तोटी वापरलीच नाही. वरून नळी सोडली, तिच्या टोकाशी बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधली. बाटली तरंगते, नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर राहतं आणि टाकी उतरत जाईल तसं तेही खाली येतं. वरचंच नितळ पाणी मिळतं. तळाचं दोन वीत पाणी सोडून द्यायचं.

एवढं झाल्यावर यंत्र सुरळीत चाललं. दर तासा-दीड तासानं धार मंदावायची, मग उलटा प्रवाह सोडून धागे धुवायचे. त्याला बॅकवॉश म्हणतात. हँडल फिरवलं की गढूळ पाणी एका बाजूनं फसफसत बाहेर पडायचं आणि धार पुन्हा भरून यायची. हे काम गावातल्या दोन कॉलेजच्या मुलींनी पहिल्याच दिवशी हातात घेतलं. त्या मोबाईलमध्ये वेळ लावून बसायच्या, एक मिनिट उशीर होऊ द्यायच्या नाहीत.

इथं एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती जाहिरातीत कधी दिसत नाही. यंत्रातून निघालेलं नितळ पाणी अजून सुरक्षित झालेलं नसतं. काविळीचे विषाणू साधारण 0.03 मायक्रॉनचे, म्हणजे छिद्राच्या मापाच्या जवळपास. एखादा धागा तुटला तर बाहेरून कळत नाही. आणि समजा यंत्रानं सगळं अडवलं, तरी ते पाणी पुढे ज्या भांड्यात जाणार त्याचं काय? यंत्र पाण्यातली घाण काढतं, पण नंतर पडणाऱ्या घाणीपासून पाण्याला राखणारं काही मागे ठेवत नाही. ते काम क्लोरीनचं. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरीन घालायचंच.

मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ती किती जुनी आहे आणि कशी ठेवली आहे यावर सगळं ठरतं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ओल लागली की तो उडून जातो. या गावातली गोणी पुरात भिजली होती, ती बाजूला काढली. आरोग्य उपकेंद्रातून नवी मिळाली, शिवाय आशाताईंकडे मेडिक्लोरच्या, म्हणजे पातळ क्लोरीनच्या, बाटल्या होत्या. पावडर सरळ टाकीत टाकायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची, चुन्याचा गाळ खाली बसला की वरचं पाणी टाकीत ओतायचं. गाळलेल्या स्वच्छ पाण्याला क्लोरीन कमी लागतो. तीच पावडर गढूळ पाण्यात टाकली तर निम्मा क्लोरीन गाळाशीच झुंजण्यात संपतो. पूरग्रस्त विहिरीत नुसत्या पावडरीच्या पाट्या रिकाम्या करण्याचा जो प्रकार चालतो, तो यामुळे फुकट जातो.

क्लोरीन घातल्यावर अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट. छोट्या नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. पुराच्या दिवसांत आम्ही टाकीजवळ 0.5 धरला, कारण घरी पोचेपर्यंत तो उतरतो.

पाणी वाटप सुरू झालं तेव्हा बायांनी पहिली तक्रार वासाची केली. एक आजी घोट घेऊन म्हणाल्या, "दवाखान्यात बसल्यावानी वाटतंय गं बाई." त्यांचं चूक नव्हतं. आयुष्यभर विहिरीचं पाणी प्यालेल्या माणसाला तो वास लागतोच. भांड्यावर पातळ फडकं बांधून रात्रभर ठेवा, वास बराच जातो, एवढं सांगितलं. पण वास चांगला नसला तरी तो पाण्याची राखण करतोय, हे त्यांना पटायला दुसरंच काही घडावं लागलं.

आशाताईंबरोबर मी घरोघर फिरले. पुरातून वाचलेली भांडी लोकांनी राखेनं, मातीनं घासली होती, घरं धुऊन काढली होती. त्या परिस्थितीत एवढी स्वच्छता ठेवणाऱ्या बायकांसमोर माझी मान खाली जायची. आम्ही घागरीतलं पाणी तपासत होतो. टाकीजवळ पिवळा येणारा रंग कितीतरी घरांत येतच नव्हता. कारण बघत गेलो. रांजणाच्या आत पुराचा पातळ लेप तसाच होता. तांब्या हातासकट बुडवला जात होता. हंडा उघडा, वर माश्या, शेजारी ओली जनावरं. पाणी स्वच्छ येत होतं आणि घरात बिघडत होतं.

माझ्याकडे एच-टू-एसच्या बाटल्या होत्या. जलजीवन मिशनच्या तपासणी संचातही अशा बाटल्या असतात. आत एक पावडर असते, पाणी भरून झाकण लावायचं आणि उबेला ठेवायचं. विष्ठेतून येणारे जिवाणू पाण्यात असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. वाचता न येणाऱ्यालाही दिसेल असा निकाल. आम्ही चार बाटल्या भरल्या. एक विहिरीच्या पाण्याची, एक तुरटीनं निवळलेल्याची, एक यंत्रातून आलेल्या पण अजून क्लोरीन न घातलेल्या पाण्याची आणि चौथी एका घरातल्या घागरीतली. घर कुणाचं हे कुणाला सांगायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या, रात्री गोधडीत गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची बाटली डांबरासारखी काळी. निवळलेलं पाणी दिसायला नितळ होतं, तेही काळं झालं. ते बघून गर्दीतली कुजबुज थांबली, कारण निवळलेलं म्हणजे चांगलं हाच सगळ्यांचा समज. यंत्राची बाटली जशीच्या तशी होती. आणि घागरीची बाटली, जिच्यात तेच यंत्राचं, क्लोरीन घातलेलं पाणी गेलं होतं, दुपारपर्यंत काळी पडली. वासाची तक्रार करणाऱ्या त्या आजी बराच वेळ ओट्यापाशी उभ्या होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "घागर पालथी घाल आन् त्या पावडरीच्या पान्यानं इसळून काढ." त्या दिवशी गावात सगळ्या घागरी उन्हात पालथ्या पडल्या होत्या. पाणी घ्यायला लांब दांड्याची ओगराळी निघाली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी तांब्याला तार बांधली.

हे सगळं जिवाणूंचं झालं. गावात आणखी एक विहीर होती, शेतातली, जरा उंचावर. तिचं पाणी बरंच नितळ होतं आणि लोकांचा आग्रह होता की यंत्र तिथेच लावा, तुरटीचा खटाटोप वाचेल. पण विहिरीला लागून गोदामवजा शेड, आणि तिच्यात पुराच्या पाण्यानं विरघळून गेलेल्या खतांच्या गोण्या. कीटकनाशकांच्या बाटल्याही तरंगून गेल्या होत्या. नायट्रेटची पट्टी लावली तर रंग लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या स्पष्ट वर. अल्ट्राफिल्ट्रेशन विरघळलेलं काहीही अडवत नाही. नायट्रेट, युरिया, फ्लोराइड सगळं त्या छिद्रांतून सरळ जातं. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतो. वरचं दूध पाजणाऱ्या आईनं असं पाणी दुधात घातलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. म्हणून ती विहीर भांडी, कपडे, जनावरांच्या गोठ्याची सफाई एवढ्यापुरतीच, असं ठरलं, तसा फलक लागला. दिसायला घाण पाणी प्यायचं आणि दिसायला चांगलं पाणी सांडायचं, हा निर्णय गावाला समजावताना मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं.

विहिरी उपसायची घाईही थांबवावी लागली. पुरानंतर तरुण पोरं मोटारी लावून विहीर कोरडी करायला निघतात. आजूबाजूची काळी जमीन पाण्यानं तट्ट फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो आणि कडे ढासळतात. जुन्या माणसांना हे माहीत होतं. थोडं थोडं, दिवसाआड उपसायचं आणि आत कुणी उतरायचं नाही. मेलेली जनावरं कुजलेल्या विहिरीत खाली हवा विषारी असू शकते.

बाटलीबंद पाण्याबद्दलही बोलायला हवं. मदतीचे ट्रक यायचे, खोकीच्या खोकी उतरायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या बाटल्यांनी माणसं जगवली, याबद्दल मला शंका नाही. पण आपत्तीतल्या मदतीचं जगभर मानलं जाणारं मोजमाप माणशी दिवसाला किमान 15 लिटर आहे, पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता धरून. हजार वस्तीच्या गावाला रोज 15 हजार लिटर. एवढं बाटल्यांनी कुणी पुरवू शकत नाही. नुसतं पिण्या-रांधण्यापुरतं माणशी पाच लिटर धरलं तरी पाच हजार लिटर लागतात, आणि तेवढं दोन टाक्या, तुरटी आणि हे यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत देऊ शकत होतं. बाटल्यांवर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा वाटा जर तालुक्यागणिक अशी यंत्रं, पारदर्शक बाटल्या, सिरिंजा आणि सुकी तुरटी आधीच ठेवण्यावर गेला तर किती वेगळं घडेल, हे मी भेटेल त्या माणसाला सांगते आहे.

आम्ही लातूरचे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आमच्या गल्लीनं पाहिलंय, मांजरा धरण कोरडं पडलेलं पाहिलंय. तेव्हा प्रश्न एकच होता, किती आलं? पाणी कसं आहे हे विचारायला जीव कुणाकडे नव्हता. टँकर आला की धावायचं, मिळेल ते भरायचं. ती सवय पुरातही सुटत नाही. सगळीकडे पाणीच पाणी असतानाही लोक टाकीभोवती तशीच झुंबड करायचे आणि मुली त्यांना सांगायच्या, "थांबा, अर्धा तास व्हायचाय." क्लोरीन मुरायचा तो अर्धा तास उभं राहणं हे दुष्काळात वाढलेल्या माणसासाठी किती कठीण, हे मला तिथे कळलं.

निघायच्या आधी यंत्र महिला बचत गटाच्या ताब्यात दिलं. धागे एकदा भिजले की वाळू द्यायचे नसतात, वाळले तर पुन्हा कामाचे राहत नाहीत. नळयोजना सुरू होऊन यंत्र बाजूला ठेवायची वेळ आली की आत सोडियम मेटाबायसल्फाइटचं, म्हणजे जिवाणू वाढू न देणाऱ्या क्षाराचं, द्रावण भरून दोन्ही तोंडं बंद करायची. ते सगळं दोन्ही मुलींनी वहीत उतरवून घेतलं, वॉशरांचं माप काढलं, जास्तीच्या वॉशरी आणि नळीचे तुकडे डब्यात ठेवले. नळयोजना चालू झाल्यावर यंत्र ओढ्यापलीकडच्या वस्तीवर न्यायचं ठरलं, कारण तिथे पाइपलाइन पोचलेलीच नाही आणि लोक वर्षभर ओढ्याकाठच्या झिऱ्याचं पाणी पितात.

परतीच्या पावसानं पुन्हा झोडपलं तेव्हा जलसुरक्षकांचा फोन आला. पाणी परत गढूळ झालं होतं. मी सांगणार की बाटल्या लावून बघा, तोवर तेच म्हणाले, "लावल्या मॅडम. आता तिसात निवळतंय, पन्नास कशाला वाया घालवायची?" टाकीवरचा जुना आकडा पुसून नवा लिहिला होता, तारखेसकट. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच: मेटाबायसल्फाइट कुठं मिळतं, आणि किलोभर घेतलं तर किती वर्षं टिकतं. बार्शीत किंवा सोलापुरात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, पाव किलोच घ्या, डबा हवाबंद ठेवा आणि वर घेतल्याची तारीख टाका, असं मी सांगितलं.